बॅटरीची परवानगी

झाकण नीट बसत नव्हतं, तिथेच मला अंदाज आला. हातात धरून खेळायच्या सोनीच्या गेमयंत्राची, पीएसपी-२००० या मॉडेलची, बॅटरी मागच्या पातळ झाकणाखाली असते. ते कडेने उचललेलं दिसलं की आतली बॅटरी फुगली आहे असं खुशाल समजावं. यंत्र भाच्याचं. कॉलेजात असताना अर्धवट सोडलेला खेळ त्याला पुढे खेळायचा होता आणि जोडीला होमब्रू, म्हणजे हौशी मंडळींनी लिहिलेले नवे प्रोग्रॅमही हवे होते. त्यातले बरेच जुन्या फर्मवेअरवर चालत नाहीत. ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडलं तर ५.०० एम३३ दिसलं. म्हणजे २००८ सालचं कस्टम, सोनीचं मूळ बदलून केलेलं फर्मवेअर, डार्क अ‍ॅलेक्स या टोपणनावाच्या स्पॅनिश प्रोग्रॅमरच्या परंपरेतलं. त्या काळी ते ज्याच्या पीएसपीत असे, त्याच्याभोवती पोरं जमायची.

कुठे पोचायचं ते ठरलेलंच होतं. सोनीने पहिलं पीएसपी डिसेंबर २००४ मध्ये जपानात आणलं आणि पीएसपीचं शेवटचं अधिकृत फर्मवेअर, ६.६१, जानेवारी २०१५ मध्ये दिलं. त्यापुढे काही येणार नाही. आज ज्यावर काम चालू आहे ते आर्क-४ हे कस्टम फर्मवेअर ६.६० किंवा ६.६१ वरच बसतं. म्हणून आधी यंत्र अधिकृत ६.६१ वर न्यायचं आणि मग त्यावर आर्क-४ चढवायचं. वाट एवढीच, पण तिच्यावरची जुनी साधनं एकेक करून निकामी झालेली आहेत.

पहिलं साधन म्हणजे मेनूतलं ‘नेटवर्क अपडेट’. पीएसपीला डब्ल्यूपीए-२ हे वायफाय संरक्षण कळतच नाही, त्यामुळे आजच्या घरगुती राउटरशी त्याचं जमत नाही. राउटरचं संरक्षण उतरवून जोडता येईल, पण तेवढ्यासाठी घरचं नेटवर्क उघडं टाकणं मला पटत नाही. शिवाय एम३३ चं नेटवर्क अपडेट त्याच्या कर्त्यांच्या सर्व्हरवर अवलंबून होतं आणि तो केव्हाच बंद पडला. उरली यूएसबी केबल. ६.६१ ची अधिकृत फाइल संगणकावर उतरवून घ्यायची, मेमरी स्टिकवर ‘पीएसपी’च्या आतल्या ‘गेम’ फोल्डरमध्ये ‘अपडेट’ नावाचं फोल्डर करायचं आणि ती त्यात ठेवायची. फाइलचं नाव ईबूट डॉट पीबीपी असंच हवं, त्यात एका अक्षराचाही फरक चालत नाही.

खरी अडवणूक इथून पुढे होते. अपडेटर सुरू होतो आणि सगळ्यात आधी बॅटरी तपासतो. चार्जर लावलेला असला तरी बॅटरी आत हवी आणि तीत पुरेसा चार्ज हवा, नाहीतर तो पुढे सरकत नाही. फुगलेली बॅटरी मी आधीच काढून ठेवली होती. बाजारात मिळणाऱ्या नव्या बॅटऱ्यांपैकी बऱ्याच नकली असतात. पीएसपी-२००० च्या मूळ बॅटरीची क्षमता १२०० एमएएच होती. तेवढ्याच आकाराच्या बॅटरीवर ३६०० छापलेलं असेल तर ती हातात न घेताच परत करावी. काहींच्या आतली मोजणी करणारी चिप इतकी हलकी असते की टक्केवारीच्या जागी नुसत्या दोन रेघा दिसतात, आणि अपडेटर त्यांना बॅटरी मानत नाही. ही तपासणी चुकवण्याचे उपाय हौशी लोकांनी काढले आहेत. मी त्यांच्या वाटेला जात नाही. फ्लॅश मेमरीवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर यंत्र अर्धवट फर्मवेअर घेऊन बसतं आणि पुन्हा उठत नाही. सोनीची ही अट मला अगदी रास्त वाटते.

आणि गंमत म्हणजे याच यंत्राचा सगळ्यात मोठा बंदोबस्त बॅटरीनेच फोडला होता. २००७ मध्ये ‘पँडोरा’ बॅटरी जगासमोर आली. पीएसपीच्या बॅटरीत एक बारीक चिप असते आणि तीत अनुक्रमांक साठवलेला असतो. त्याच्या आठही जागी एफ हे अक्षर आलं की यंत्र समजतं, आपण दुरुस्ती केंद्रात आहोत. मग ते आपल्या फ्लॅशकडे न बघता मेमरी स्टिकवरून सुरू होतं. मेलेली म्हणून कपाटात गेलेली किती यंत्रं त्या काळी अशी उठली! कुणी सॉफ्टवेअरने तो क्रमांक बदलायचं, तर कुणी बॅटरीचं कवच उघडून चिपचा पाचवा पाय सुईने उचलायचं. पुढे सोनीने टीए-०८८ व्ही३ हा मदरबोर्ड आणून ही वाट बुजवली. पीएसपी-३००० वरही ती चालत नाही. म्हणून हाती आलेलं पीएसपी-२००० कुठल्या बोर्डाचं आहे हे कळणं फार महत्त्वाचं. काही बिघडलं तर परतीचा रस्ता आहे की नाही, हे त्यावर ठरतं. पीएसपीआयडेंट नावाचा छोटा प्रोग्रॅम बोर्डाचा क्रमांक सांगतो. भाच्याचं यंत्र जुन्या बोर्डाचं निघालं आणि माझा जीव भांड्यात पडला.

चांगली बॅटरी मिळाल्यावर आधी मेमरी स्टिकवरचं सगळं संगणकावर उतरवलं. खेळांची प्रगती ‘सेव्हडेटा’ फोल्डरमध्ये असते, अपडेट तिला हात लावत नाही, तरी नक्कल हवीच. मग रिकव्हरी मेनूत जाऊन सगळे प्लगइन बंद केले. उजवं खांद्याचं बटण दाबून धरून यंत्र चालू केलं की हा मेनू येतो. जुने प्लगइन चालू ठेवून पुढे जाणं म्हणजे नको तिथे यंत्र गोठायला निमंत्रण.

अपडेटर आता अडला नाही. टक्के हळूहळू चढत होते. भाचा मध्येच म्हणाला, “मामा, अडकलं का रे हे?” मी त्याला फक्त चार्जरच्या वायरपासून लांब बसायला सांगितलं. अशा वेळी कशालाही हात लावू नये. एका आकड्यावर जरा जास्त वेळ थांबणं काही वेगळं नाही, आणि घाबरून स्विच ओढणाऱ्यांनीच जास्त यंत्रं मारली आहेत.

यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा एम३३ पुसलं गेलं होतं आणि निव्वळ सोनीचं ६.६१ उरलं होतं. पुढचं काम सोपं. आर्कचं एक फोल्डर सेव्हडेटामध्ये, लोडर गेम फोल्डरमध्ये, आणि मेनूतून लोडर चालवायचा. काळ्या पडद्यावर काही ओळी येतात आणि नेहमीचा मेनू परततो, फक्त सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये आर्कचं नाव आलेलं असतं. ही स्थिती यंत्र झोपवलं तरी टिकते, पण पूर्ण बंद केलं की जाते. कायमची हवी असेल तर फ्लॅशमधला आयपीएल बदलावा लागतो. यंत्र सुरू होताना फ्लॅशवरून सगळ्यात आधी वाचला जाणारा हा तुकडा, त्यामुळे ते काम भरल्या बॅटरीवरच करायचं.

हा खटाटोप कशासाठी, असं कुणीही विचारील. चोरीचे खेळ चालवायला कस्टम फर्मवेअर सर्रास वापरलं गेलं, हे खरंच आहे. पण आता पीएसपीवरून खेळ विकत घेता येत नाहीत, आणि पीएसपीचे खेळ ज्यांवर येत त्या यूएमडी चकत्यांचं प्लॅस्टिक कवच उकलतं, ड्राइव्ह थकतात. ‘देसी अड्डा’सारखा आपल्याकडच्या मैदानी खेळांवर बेतलेला, भारतात तयार झालेला खेळ उद्या कुणाला बघायचा असेल, तर स्वतःच्या चकतीची नक्कल करून ठेवणं हाच भरवशाचा मार्ग आहे आणि त्यासाठी हे फर्मवेअर लागतं.

आता भाच्याच्या मित्राचं पीएसपी-३००० आलं आहे. त्यावर पँडोरा चालत नाही, पण बॅटरीच्या डेटा पिनवर संगणक जोडून खऱ्या दुरुस्ती-बॅटरीचं सोंग घेणारं ‘बॅरिऑन स्वीपर’ हौशी संशोधकांनी तयार केलं आहे. त्याची गरज पडू नये. आधी बॅटरी बघतो.