गोणपाटावर शिवलेली माणसं

गोधडी शिवताना जुन्या लुगड्याचा तुकडा हाती आला, की ते नेसणारी आठवते. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात बायकांनी ही आठवणच कामाला लावली.

१९७३ साली तिथं लष्करानं सत्ता बळकावली. मुलं, नवरे, भाऊ धरून नेले. कित्येक परतलेच नाहीत. विचारायला गेलं तर उत्तर, आम्ही नेलंच नाही. भीतीपोटी ओळखीचेही तोंड चुकवू लागले. तेव्हा सान्तियागो शहरात चर्चच्या आसऱ्यानं या बायका जमू लागल्या. गोणपाटावर चिंध्या जोडून त्या चित्रं शिवत. त्याला म्हणतात 'आर्पियेरा', म्हणजे गोणपाटच. मागं अँडीजचे डोंगर, वर सूर्य, पुढं चिंधीच्या बारक्या बाहुल्या. लांबून बघाल तर खेळ वाटेल. जवळून बघा: बंद पडलेला कारखाना, साऱ्या वस्तीसाठी रांधलेलं एकच पातेलं, 'कुठे आहेत ते?' असा फलक धरलेल्या बाया. कुणी तर हरवलेल्याच्या सदऱ्याचाच तुकडा लावी.

चित्रं परदेशात विकली जात. घरात भाकरी येई, आणि देशातली वर्तमानपत्रं गप्प असताना बातमीही बाहेर पोचे. सरकारला ते खुपलं. देशाची बदनामी म्हणाले. सुईदोऱ्याला एवढं भ्यायचं!

मला मोलाचं वाटतं ते एकत्र बसणं. जिचा मुलगा गेला ती आणि जिच्या नवऱ्याचं काम गेलं ती, एकाच चिंध्यांच्या ढिगाभोवती.

लष्करी राजवट १९९० साली संपली. कित्येकांचा पत्ता अजून लागलेला नाही. ती चित्रं सान्तियागोच्या संग्रहालयात टांगलेली आहेत.