अनुदानाचा प्रस्ताव कसा लिहावा?

शाळेची गरज खरी असूनही अनुदान मिळत नाही, असा अनुभव पुष्कळ शिक्षकांस येतो. गरज शिक्षकाच्या डोळ्यांसमोर असते. पण कागदावर ती उतरलेली नसते. प्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्याने शाळा पाहिलेली असतेच असे नाही. त्याच्यापुढे असतो तो केवळ कागद.

उदाहरणार्थ, निफाड तालुक्यातील सायखेडा हे गाव घेऊ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीच्या महापुराचे पाणी या गावात शिरले होते. अशा नदीकाठच्या शाळेने 'इमारत अत्यंत जीर्ण असून मुलांची फार गैरसोय होते' एवढेच लिहिले, तर ते वाक्य कोणत्याही गावास लागू पडेल. त्याऐवजी पुराचे पाणी शाळेत आले असल्यास ते भिंतीवर किती फूट चढले, किती खोल्या गळतात, त्यांत कोणत्या इयत्तेची किती मुले बसतात, पावसाळ्यात किती दिवस दोन वर्ग एकत्र बसवावे लागले, हे हजेरीपट व शाळेतील नोंदी पाहून लिहावे. विशेषणांनी जे साधत नाही, ते अशा आकड्यांनी साधते.

मागणीस कायद्याचा आधार आहे. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने तयार केलेला शाळा विकास आराखडा हाच शासनाच्या योजना व अनुदान यांचा पाया आहे. त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी व कुंपण यांचा समावेश आहे. सबब आपली मागणी कोणत्या निकषात बसते, ते स्पष्ट नमूद करावे आणि समितीचा ठराव सोबत जोडावा.

उपायही विचारपूर्वक सुचवावा. पुराचे पाणी ज्या पातळीपर्यंत येते, त्याच पातळीवर पुन्हा फरशी बसविल्यास पुढच्या पुरात तो खर्च वाया जातो. तेथे जोते उंच करणे आवश्यक असल्यास तसे कारणासह लिहावे व अंदाजपत्रक अभियंत्याकडून करून घ्यावे. मागणी फुगवू नये. प्रस्तावातील खोल्यांची व पटाची संख्या यू-डायस प्रपत्रातील माहितीशी जुळली पाहिजे; एका आकड्यातील तफावत साऱ्या प्रस्तावाविषयी शंका उत्पन्न करते.

अनुदान मिळाल्यावर पावत्या जपून ठेवाव्यात व उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर पाठवावे. मागील पैशाचा चोख हिशेब हीच पुढील प्रस्तावाची सर्वांत मोठी शिफारस होय.