चिका, झूझू आणि बोर्डिंग पासवरचं गाणं

जाहिरातींच्या महोत्सवात विद्यार्थी ओळखायचा कसा? स्टेजवरच्या पडद्याचे भराभर फोटो काढतो, तो विद्यार्थी. हॉलच्या दाराशी उभा राहून दबक्या आवाजात क्लायंटची समजूत काढतो, तो एजन्सीवाला. त्याला त्या तीन दिवसांतही सुट्टी नसते, हे आमचं पहिलं शिक्षण.

गोवाफेस्टला पाहुण्या वक्त्यांची रीघ असते. खरं सांगायचं तर ‘चौकटीबाहेरचा विचार करा’ छापाची वाक्यं जेवणाच्या रांगेपर्यंतसुद्धा टिकत नाहीत. टिकतात ते किस्से. कुठली जाहिरात कुठं झाली, कशी झाली, ऐनवेळी काय बदललं. काही स्टेजवरून ऐकलेले, काही चहाच्या कपावर, काही नंतर स्वतः खोदून काढलेले. वहीत उरला तो ऐवज हा असा.

आधी गोवाफेस्टचीच गंमत. हा महोत्सव सुरू झाला २००६ साली, आणि २०२४ मध्ये तो भरला चक्क मुंबईत, पवईला! नाव गोव्याचं, पत्ता पवईचा. घरी ‘गोव्याला चाललो’ म्हणून आधीच सांगून बसलेल्यांनी काय केलं असेल, देव जाणे.

पण असा घोळ फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. ज्याचं नाव घेताना आमच्या सगळ्यांचे डोळे लकाकतात तो कान लायन्स महोत्सव १९५४ साली पहिल्यांदा भरला तो कानमध्ये नाहीच, व्हेनिसमध्ये. १४ देश, १८७ फिल्म. ट्रॉफीवरचा सिंहही व्हेनिसचाच, सेंट मार्क चौकातला. कानला कायमचा मुक्काम पडला तो १९८४ पासून. आणि पहिला सर्वोच्च पुरस्कार कुणाला मिळाला असेल? टूथपेस्टच्या एका इटालियन जाहिरातीला.

आता गोव्याचा खरा हिरो. हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला तो पग, खरं नाव चिका. २००३ ची ती फिल्म गोव्यातच चित्रित झाली. पोरगा जाईल तिकडं कुत्रं त्याच्या मागं. मूळ कल्पनेत म्हणे कुत्रं नव्हतंच, भावाच्या मागं मागं फिरणारी धाकटी बहीण होती. बहिणीच्या जागी पग आला आणि देशभर पग पाळायची लाट उसळली. या जातीला आपला उन्हाळा सोसवत नाही, हे पुष्कळांना नंतर कळलं. जाहिरातीची ताकद कळते ती अशी, आणि जबाबदारीही.

पगची ती फिल्म दिग्दर्शित करणाऱ्या प्रकाश वर्मांनीच २००९ मध्ये व्होडाफोनसाठी झूझू आणले. झूझू म्हणजे कॉम्प्युटरची करामत, असं आमच्या बॅचमधल्या निम्म्या जणांना वाटत होतं. छे! आत हाडामासाची माणसं होती. केपटाऊनमध्ये शूटिंग, सडपातळ कलाकार, बहुतेक बायका, अंगात स्पंज भरलेले पांढरे झगे आणि डोक्यावर भोपळ्याएवढं गोल डोकं. हसरं, रडवं, चिडकं अशी तोंडं रबराची. प्रसंग बदलला की तोंड बदलायचं. हालचाल कार्टूनसारखी वाटावी म्हणून कॅमेरा नेहमीच्या २४ ऐवजी सेकंदाला २० फ्रेमवर ठेवला, आणि पार्श्वभूमी मुद्दाम फिकट करड्या रंगाची. आयपीएल चालू असताना जवळपास रोज एक नवी फिल्म, एकूण ३० च्या घरात. ॲनिमेशनला वेळ लागतो आणि हातात वेळ नव्हता, म्हणून माणसांनाच कार्टून बनवलं. माझ्या मते, अख्ख्या सेमिस्टरमध्ये डेडलाइनवर यापेक्षा चांगला धडा कुणी दिला नाही.

पीयूष पांडे हे नाव निघालं नाही असं एकही सत्र सापडणं कठीण. रणजीत राजस्थानकडून खेळलेला क्रिकेटपटू, मग चहाची चव पारखणारा नोकरदार, आणि १९८२ मध्ये ऑगिल्व्ही या जाहिरात एजन्सीत. मैदानात धावत येऊन नाचणारी ती कॅडबरीची मुलगी त्यांच्याच डोक्यातली. गाण्याचे शब्द त्यांनी अमेरिकेहून परतताना विमानात, बोर्डिंग पासच्या मागच्या बाजूला खरडले. हिंदीत ते गायले शंकर महादेवन. २०१८ मध्ये पीयूष आणि प्रसून या भावांना कानचा जीवनगौरव मिळाला, आशियातून पहिल्यांदाच. प्रसून म्हणजे फेव्हिकॉलची ती बस. माणसं टपावर, मागं, बाजूला लोंबकळताहेत आणि एकही पडत नाही. जैसलमेरजवळच्या त्या खडबडीत रस्त्यानं २००२ मध्ये कानला रौप्य सिंह मिळवला. संवाद शून्य. आणि आम्ही मात्र असाइनमेंटमध्ये तीस सेकंदांत चाळीस शब्द कोंबतो.

मराठी माणूस कुठंय, हा प्रश्न माझ्या शेजारच्या नागपूरकरानं हळूच विचारला. आहे की. ‘जेजुरी’वाले अरुण कोलटकर पोटासाठी जाहिरातींचे कला-दिग्दर्शक होते, आणि नुसते होते असं नाही, कॅग या जाहिरात-कलावंतांच्या संघटनेच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. किरण नगरकर कॉपी लिहीत. अमूलच्या होर्डिंगवर भरत दाभोळकरांनी बरीच वर्षं चावटपणा केला. आणि उल्का या एजन्सीमध्ये काम केलेले र. कृ. जोशी? विंडोजवर मराठी वाचताना तुम्ही ज्या ‘मंगल’ फॉन्टमधून गेलात, तो त्यांचाच. आमच्या वर्गातल्या पोरांनी ‘मंगल’ला आयुष्यभर नावं ठेवली, पण तो कुणी केला हे विचारलं नव्हतं.

थोडी चहाडीही. ‘स्कॅम ॲड’ म्हणजे गिऱ्हाइकासाठी कमी आणि ट्रॉफीसाठी जास्त बनवलेली जाहिरात. ट्रॉफीच्या मोहाचं एक उदाहरण: २०२५ मध्ये कानला ब्राझीलच्या डीएम९ या एजन्सीचा ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पुरस्कार, परत गेला, कारण स्पर्धेसाठी पाठवलेल्या केस फिल्ममध्ये एआयनं फिरवलेलं फुटेज निघालं. चहाच्या टेबलावर यावर झालेली चर्चा कुठल्याही पॅनेलपेक्षा रंगली.

तर पुढच्या वेळी जाणाऱ्यांना एकच विनंती. प्रश्नोत्तरांत माइक हातात आला की ‘तुमच्या यशाचं रहस्य काय?’ हे कृपया विचारू नका. ‘क्लायंटनं आधीची स्क्रिप्ट का नाकारली?’ एवढंच विचारा, आणि पेन तयार ठेवा.