नागपूरच्या बाई बर्फाच्या खंडावर

उन्हाळ्यात आपल्या नागपूरचा पारा ४५ अंशांवर चढतो. समुद्र तर कितीतरी लांब, मी अजून पाहिलेलाही नाही. पण नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत समुद्राच्या शास्त्रज्ञ झाल्या आणि डिसेंबर १९८३ मध्ये भारताच्या तिसऱ्या मोहिमेबरोबर गोव्याहून जहाजाने अंटार्क्टिकाला गेल्या. त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारताच्या मोहिमेतून तिथे गेलेल्या पहिल्या स्त्रिया.

तिथे मैलोन्‌मैल बर्फ. झाड औषधालाही नाही. मग अभ्यास कशाचा करायचा? गुरुजी म्हणाले, हिरवळ समुद्राच्या पाण्यात असते. बाटलीत पाणी भरून आणायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, की बारीक वनस्पती दिसतात. त्या खातात झिंग्यासारखे क्रिल आणि क्रिल खातात पेंग्विन नि देवमासे. एवढ्या मोठ्या देवमाशाचे पोट शेवटी शेवाळावर भरते!

आमची आजी म्हणाली, "बाप्पा! अन् प्यायला पाणी?" ते बर्फ वितळवूनच. धान्य आणि इंधन जहाजातून न्यायचे. उन्हाळ्यात दोन महिने सूर्य मावळत नाही, म्हणून घड्याळ पाहून झोपायचे.

त्याच मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' हे आपले पहिले ठाणे उभारले. पण तिथला बर्फ वितळत नाही, थरावर थर साचतो. ठाणे हळूहळू गाडले गेले आणि १९९० मध्ये सोडावे लागले. दुसरे ठाणे 'मैत्री' मात्र खडकावर बांधले आहे, शेजारी गोड्या पाण्याचे तळे. हे ऐकले तेव्हा कुठे आजीचा जीव भांड्यात पडला.