पाटी एक, कायदे अनेक

मोहोपाड्याची बाजारपेठ रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातल्या कामगारांच्या पगारावर चालते. त्यामुळे कामगार कायदा बदलला की कारखान्याइतकाच दुकानदारही त्यात सापडतो.

राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा 2017 मध्ये नव्याने आला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी फक्त सूचना देणे पुरेसे झाले. 2025 मध्ये ही मर्यादा वीसवर गेली, तर रोजच्या कामाचे तास नऊवरून दहा झाले. आठवड्याचे 48 तास मात्र तसेच राहिले. म्हणजे ‘दहा तास’ ऐकून सहा दिवस रोज दहा तास राबवणाऱ्या मालकाला 48 तासांपुढच्या कामाचे दुप्पट दराने पैसे द्यावेच लागतील. नोंदणी सुटली म्हणजे किमान वेतनही सुटले, हा तर निव्वळ गैरसमज. मराठी पाटीची सक्ती 2022 पासून लहान दुकानांनाही आहे. मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.

कारखान्यांना मोठा फरक 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनी पडला. वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते, म्हणून ग्रॅच्युइटीचा बोजा वाढतो. ठरावीक मुदतीच्या कामगारालाही आता वर्षभराच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी मिळते. पाच वर्षांच्या जुन्या अटीवर हिशेब बांधणाऱ्या मालकांना हे जड जाईल, पण कामगाराच्या दृष्टीने ते रास्तच आहे.

मालकांनी हजेरीपट आणि पगारपत्रक आत्ताच तपासून घ्यावे.