वातावरण कुठे असतं? चित्रात, सुरात की आपल्यात?

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण ‘मनःस्थिती’ या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज ती जरा अनपेक्षित ठिकाणी तपासून पाहू : व्हिडिओ गेममध्ये. हसू नका, आम्हीही हसलो होतो. तेव्हा नातू म्हणाला, “आजोबा, एकदा आवाज बंद करून बघा.” केला बंद. तेच मैदान, तेच डोंगर. पण आता ते नुसतं चित्र झालं. आपण त्यात आहोत ही जाणीवच गेली. मग हे वातावरण असतं तरी कुठे?

जर्मन भाषेत मनःस्थितीला ‘श्टिमुंग’ म्हणतात, आणि वाद्य सुरात लावण्यालाही हाच शब्द आहे. हायडेगरने १९२७ च्या ‘बीइंग अँड टाइम’मध्ये म्हटलं की मनःस्थिती ना बाहेरून येते ना आतून, आपल्या जगात असण्यातूनच ती उगवते. आपल्याकडेही ‘आज सूर लागत नाही’ असं गवई म्हणतो, आणि कधीही न गाणारा माणूसही म्हणतो.

आता गेमकडे वळू. चित्रपटाच्या संगीतकाराला पुढचा प्रसंग ठाऊक असतो. गेमच्या संगीतकाराला तो नसतो. खेळणारा मैदानात दोन मिनिटं राहील की अर्धा तास, कोण सांगणार? १९९८ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये कोजी कोंडो यांनी हायरूलच्या मैदानाचं संगीत छोट्या तुकड्यांत रचलं. तुकड्यांचा क्रम बदलत राहतो. नायक थांबला की संगीत निवळतं, शत्रू जवळ आला की ताणलं जातं. मराठीत ‘चाल’ पावलांचीही असते आणि गाण्याचीही. इथे दोन्ही एकमेकींकडे लक्ष ठेवून असतात.

इथे एक शंका रास्त आहे. आपल्याला काय वाटावं हे मग संगीतच ठरवतं का? त्याने ‘भी’ म्हटलं की आपण भ्यायचं? तसं असेल तर ही भावना आपली कशी?

याचं उत्तर याच मालिकेतल्या २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये सापडतं. नायक शंभर वर्षांच्या झोपेतून उठतो. राज्य उद्ध्वस्त झालेलं असतं. फिरताना बहुतेक वेळ वारा, गवत, पावलं एवढंच ऐकू येतं. मधूनच पियानोचे दोन-चार स्वर. ‘काळाच्या मंदिरा’चे भग्न अवशेष लागतात, तिथे १९९८ च्या गेममधली धून वाजते. पण इतकी संथ, स्वरास्वरांत इतकं अंतर ठेवून, की पटकन ओळखू येत नाही. जुन्या गेममध्ये याच गाण्याचे स्वर खेळणाऱ्याने स्वतः बटणं दाबून वाजवले होते आणि मंदिरातलं दार उघडलं होतं. लहानपणी ज्याने ते उघडलं, त्याला इथे मधली एकोणीस वर्षं ऐकू येतात. नव्या खेळाडूला फक्त ओसाडपण जाणवतं. स्वर तेच, वातावरणं मात्र दोन.

म्हणजे बघा, संगीत भावना तयार करून हातात ठेवत नाही. ते सूर लावून देतं आणि जागा सोडतं. ती जागा ज्याची त्याने आपल्या आठवणींनी भरायची असते. जिथे जागाच सोडलेली नसते, तिथे संगीत हुकूम देऊ लागतं. ऐकताना एवढं तपासत राहू या : आपल्यासाठी जागा ठेवली आहे का?

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ या.