अकिलीसची टाच होमरला ठाऊक नव्हती

ग्रीक पुराणांतली एखादी गोष्ट सांगा म्हटलं, की अकिलीसची टाच हमखास पुढे येते. आई थेटिसने तान्ह्या अकिलीसला टाचेला धरून स्टिक्स नदीत बुडवलं, त्याचं सगळं अंग अभेद्य झालं, मुठीतली टाच तेवढी कोरडी राहिली आणि अखेर तिथेच बाण लागून तो पडला. गोष्ट देखणी आहे, पण होमरच्या ‘इलियड’मध्ये ती कुठेच नाही.

उलट तिथला अकिलीस चक्क जखमी होतो. एकविसाव्या सर्गात ॲस्टरोपायस नावाचा वीर दोन्ही हातांनी एकदमच दोन भाले फेकतो. एक भाला ढालीवर अडतो, दुसरा अकिलीसच्या उजव्या हाताला चाटून जातो आणि रक्त उसळतं. शिवाय याच अकिलीसचं चिलखत घालून लढायला गेलेला पॅट्रोक्लस मारला जातो, हेक्टर ते चिलखत बळकावतो, आणि हेफायस्टस देव रात्रीत नवं घडवून देईपर्यंत अकिलीसला लढाईत उतरता येत नाही. अंग अभेद्य असतं तर चिलखतासाठी कोण अडून बसलं असतं? स्टिक्समधल्या त्या स्नानाची गोष्ट आपल्याला लेखी स्वरूपात पहिल्यांदा सापडते ती रोमन कवी स्टॅशियसकडे, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे होमरनंतर सुमारे ८०० वर्षांनी.

हा फरक किरकोळ नाही. लढलास तर कीर्ती मिळेल पण आयुष्य तोकडं असेल, घरी परतलास तर म्हातारा होऊन मरशील, हे होमरच्या अकिलीसला आईनेच सांगितलेलं आहे. सगळं माहीत असून तो लढतो. त्याला अभेद्य केलं, की त्याच्या शौर्यातला जीवच निघून जातो. आपल्याकडे गांधारीने पट्टी सोडून नुसत्या नजरेने दुर्योधनाचं शरीर वज्राचं केलं, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तीही नाही. लोकप्रिय गोष्ट आणि मूळ ग्रंथ यांत असं अंतर सगळीकडेच पडतं.

लाकडी घोड्याचंही तसंच. ‘इलियड’ संपतं ते हेक्टरच्या अंत्यविधीवर. घोडा भेटतो तो ‘ओडिसी’त, आणि सविस्तर हवा असेल तर व्हर्जिलच्या ‘इनीड’मध्ये. मेड्युसा ही मुळात सुंदर तरुणी होती आणि देवीच्या शापाने राक्षसीण झाली, हे ओव्हिडचं सांगणं. त्याच्या कितीतरी आधीच्या हेसिअडकडे ती जन्मानेच गॉर्गन आहे.

उत्तर युरोपातल्या देवांबाबतचे आणि वीरांबाबतचे गैरसमज मात्र बरेच अलीकडचे आहेत. शिंगांचं शिरस्त्राण घातलेला व्हायकिंग घ्या. वाग्नरच्या ‘रिंग’ या संगीतनाट्यमालेसाठी १८७६ मध्ये कार्ल एमिल डोप्लरने वेशभूषा केली आणि तिथून ही शिंगं जगभर पसरली. डेन्मार्कमधल्या व्हेक्सो इथे शिंगांची शिरस्त्राणं खरोखरच सापडली आहेत, पण ती कांस्ययुगातली, व्हायकिंगांच्या कितीतरी शतकं आधीची. नॉर्वेत येर्मुंडबू इथे १९४३ मध्ये सापडलेलं शिरस्त्राण दहाव्या शतकातलं, अस्सल व्हायकिंग काळाचं आहे. त्याला डोळ्यांभोवती चष्म्यासारखं लोखंडी कडं आहे, शिंगं नाहीत.

लढताना मेलेला प्रत्येक वीर वल्हल्लात, म्हणजे ओडिन देवाच्या महालात जातो, हाही असाच एक समज. जुन्या नॉर्स काव्यात रणातल्या मृतांपैकी निम्मे ओडिनकडे जातात आणि निम्मे फ्रेया देवी निवडून घेते.

आणि थॉर व लोकी भाऊ? हे नातं मार्व्हल कॉमिक्सने १९६२ पासून रुजवलं, पुढे चित्रपटांनी पक्कं केलं. मूळ कथांत लोकी हा फारबाउती नावाच्या राक्षसाचा मुलगा. त्याचं भावाचं नातं आहे ते थॉरच्या बापाशी, खुद्द ओडिनशी, तेही रक्तात रक्त मिसळून जोडलेलं. देवांच्या मेजवानीत लोकीला जागा नाकारली जाते, तेव्हा तो ओडिनला हीच आठवण देतो: आपल्या दोघांना मिळाल्याशिवाय एकट्याने मद्य पिणार नाही, असं तू म्हणाला होतास. ओडिनला शब्द पाळावा लागतो आणि तो लोकीसाठी जागा करायला लावतो. चित्रपटातल्या भावाभावांच्या रुसव्याफुगव्यांपेक्षा हा प्रसंग मला कितीतरी जड वाटतो, कारण पुढे देवांचा घात करणाऱ्याला घरात घेणारा स्वतः देवांचा राजाच आहे.

या मेजवानीचं काव्य ज्या हस्तलिखितामुळे आपल्यापर्यंत पोहोचलं, ते ‘कोडेक्स रेगियस’ आइसलँडमध्ये १२७० च्या सुमारास लिहिलं गेलं. तोवर तिथे ख्रिस्ती धर्म येऊन अडीचशेहून अधिक वर्षं लोटली होती. पुढे ते डेन्मार्कच्या राजाकडे गेलं आणि १९७१ मध्ये आइसलँडला परत मिळालं. आज त्याची ४५ पानं शिल्लक आहेत. मधली आठ हरवली आहेत.